संतांचे चित्र आणि संतांचे सोंग

एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेतील ‘कॅथलिक आन्सर्स’ या संस्थेने पडद्यावर एक आभासी धर्मगुरू आणला. त्याचे नाव फादर जस्टिन. अंगात काळा झगा, मागे असिसीचा देखावा. धर्माविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देणे एवढेच त्याचे काम होते. पण आपण खरेखुरे धर्मगुरू आहोत असे तो सांगू लागला आणि पापाची कबुली ऐकून क्षमाही देऊ लागला. त्यावर गदारोळ उठला आणि काही दिवसांतच संस्थेने त्याचा झगा उतरवून त्याला साधा ‘जस्टिन’ केले.

आपल्या वऱ्हाडाने हा प्रसंग नीट पाहून ठेवावा. गजानन महाराजांचे शेगाव, गाडगेबाबांचे शेंडगाव, तुकडोजी महाराजांची मोझरी, प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे माधान ही सगळी गावे आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. या संतांचे फोटो देवघरातून मोबाइलवर कधीच आले. ते फोटो आता चालते-बोलते करणेही कठीण राहिलेले नाही. ते कुठवर करायचे, हे आपण आजच ठरवले पाहिजे.

संतांची चित्रे असावीत की नसावीत, यावर ख्रिस्ती जगात शंभरहून अधिक वर्षे रण माजले होते. बायझंटाइन सम्राटांनी चित्रे फोडली आणि ती जपणाऱ्यांचा छळ केला. अखेर ७८७ साली निकेया येथील धर्मपरिषदेने निर्वाळा दिला की, चित्राला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोहोचतो. आराधना मात्र फक्त देवाची. वाद त्यानंतरही पेटला आणि ८४३ साली कायमचा मिटला. त्या परंपरेतली शिस्त बघण्यासारखी आहे. चित्रावर संताचे नाव लिहिलेले असते, चित्रकार सहसा स्वतःची सही करत नाही. पीटरच्या हाती किल्ल्या असतात, कॅथरिनजवळ तिच्या छळाचे चाक असते. संत ओळखायचा तो त्याच्या कामावरून किंवा त्याने सोसलेल्यावरून.

आपल्याकडेही हेच आहे. गाडगेबाबांचे चित्र आठवा. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. खराटा काढून घेतला तर ते चित्र त्यांचे राहणार नाही. चित्र स्वतः काही बोलत नाही. ते कामाकडे बोट दाखवते.

पडद्याला विरोध करण्याचे मात्र कारण नाही. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आला. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला अकोल्यातल्या घरी बसून शेगावची समाधी दिसत असेल तर त्यात वाईट काय? २००४ साली इंग्लंडमध्ये ‘चर्च ऑफ फूल्स’ नावाचे आभासी प्रार्थनामंदिर उघडले. तिथे लोक आपापल्या आभासी रूपांना गुडघे टेकायला लावून प्रार्थना करत. काहींनी तिथल्या व्यासपीठावरून शिवीगाळही केली आणि त्यांना हुसकावण्यासाठी देखरेख ठेवावी लागली. जागा आभासी असली तरी तिथले वागणे खरेच असते. कार्लो अक्युटिस हा इटालियन मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. धर्मकार्यासाठी त्याने संकेतस्थळ उभारले होते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी कॅथलिक चर्चने त्याला संत घोषित केले. पण त्याच चर्चने २००२ साली स्पष्ट सांगितले होते की, इंटरनेटवर संस्कारविधी होत नाहीत. तंत्र स्वीकारतानाच त्याची हद्दही आखून दिली.

ती हद्द आपण कुठे आखायची? माझ्या मते, संताच्या तोंडी शब्द घालण्यापाशी. यावर कोणी म्हणेल, नाटक-सिनेमात हेच चालत आले आहे. खरे आहे. १९३६च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस इतके एकरूप झाले की, लोक त्यांनाच तुकोबा मानू लागले. १९७७च्या ‘देवकीनंदन गोपाला’त डॉ. श्रीराम लागूंनी गाडगेबाबा उभे केले. पण तिथे पडद्यावर नटाचे नाव होते, लेखकाचे नाव होते. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक होते. यंत्राने बोलत्या केलेल्या संताच्या बाबतीत जबाबदारी कोणाची?

याहून मोठे कारण गाडगेबाबांच्या कीर्तनातच आहे. बाबा गावात येत, आधी गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आपल्या बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घेत. अंधश्रद्धा, दारू, कर्ज, पोरांची शाळा या सगळ्यावर तो माणूस बोलू शकत होता, कारण दिवसा खराटा त्याने स्वतः चालवलेला असे. संताच्या शब्दाला वजन येते ते त्याच्या आचरणाने. यंत्रातल्या बाहुल्याने कोणते गाव झाडले? त्याच्या तोंडून उद्या मते मागितली जातील, माल विकला जाईल, दुसऱ्या जातीविरुद्ध चिथावणी दिली जाईल. आणि समोरचा भाविक ते बाबांचे बोल म्हणून ऐकेल.

नोव्हेंबर १९५६मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेल्या बाबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांनी देह ठेवला. तो आवाज मुलांना जरूर ऐकवा. त्याच्या नकलेतून नवी वाक्ये मात्र घडवू नका. शाळा, मंडळे, संस्थाने आणि बाबांचे नाव धारण करणारे आपले विद्यापीठ यांनी एवढा नियम घालून घ्यावा: संतांचे रूप दाखवा, त्यांची नोंदलेली वचने आधारासह द्या, कल्पनेने काही रचले असेल तर तसे ठळक लिहा आणि रचणाऱ्याचे नाव द्या. आणि २० डिसेंबरला स्टेटसवर बाबांचा फोटो ठेवणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी आपली गल्ली झाडावी.