सोवळ्यातलं तांबं

निफाड तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत मोरचुदाचं पोतं असायचं. निळेशार खडे. लहानपणी मला ते खडीसाखरेसारखे वाटायचे, म्हणून आजी पोतं उंचावर ठेवायला लावायची. अण्णा रात्री मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात भिजत घालायचे, सकाळी चुन्याची निवळी करायचे, दोन्ही एकत्र ओतायचे आणि त्यात विळा बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. हे झालं बोर्डो मिश्रण. बोर्डो हे गावाचं नाव आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तोच निळसर पांढरा थर मला पुन्हा दिसला तो फ्रान्समध्ये, वूव्रेच्या एका बागेत. नोकरीनिमित्त मी तूरला राहतो. तिथून ल्वार नदीच्या काठाने दहाएक किलोमीटरवर वूव्रे. पांढऱ्या मऊ चुनखडीच्या कड्यात कोरलेली घरं आणि तळघरं, आणि वर पठारावर द्राक्षबागा. जात एकच, शेनँ ब्लां. नाशिकचे वाइनवाले जिला चेनिन म्हणतात, तीच. मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जातो ती बाग एका कुटुंबाची आहे. ऐंशीकडे झुकलेली आई, मुलगी आणि मुलगा. बाग प्रमाणित सेंद्रिय. एकाच द्राक्षापासून ते कोरडी वाइनही करतात आणि गोडही. कोणत्या वर्षी काय करायचं, हे बरंचसं हवामान ठरवतं.

गोड वाइनसाठी द्राक्षं वेलीवर ऑक्टोबर सरेपर्यंत ठेवावी लागतात. सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं हवामान मिळालं तर मण्यांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते, मणी सुरकुततात, साखर आटते. मग त्याच ओळीतून दोन-तीनदा फिरून तेवढेच घड वेचायचे. पण पाऊस लागला तर हीच बुरशी सगळा घड नासवते. आमच्याकडे मणी कुजला की तो कुजलाच. चांगलं-वाईट बुरशीच्या अंगात नसतं, ती कुठल्या दिवसांत येते त्यात असतं, हे तिथे प्रथम कळलं.

२०२४ साली गोड वाइन झालीच नाही. फ्रान्सभर वसंत ओला गेला आणि डाऊनी आला. आपल्याकडे जुनी माणसं त्याला केवडा म्हणतात. हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचला १८७८ मध्ये. मेडॉकमधले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, कारण निळी पडलेली द्राक्षं कुणी चोरून खात नसे. त्या वेली रोगातून वाचल्या हे मियार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. सेंद्रिय शेतीला डाऊनीवर आजही मुख्य आधार तोच आहे. कृत्रिम बुरशीनाशकं वर्ज्य, तांबं चालतं.

पण तांबं स्पर्शजन्य. मोठा पाऊस झाला की धुऊन जातं, पुन्हा फवारा. त्या वर्षी ती बाई जून महिनाभर ट्रॅक्टरवरच होती. तरी पीक निम्म्याहून कमी आलं. शेजारच्या बागेत आंतरप्रवाही औषधं मारली होती. तिथे घड लगडलेले.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर भाऊ म्हणाला, "एक फवारणी. फक्त एक मारली असती तर."

ती म्हणाली, "आणि प्रमाणपत्र? पुन्हा तीन वर्षं रूपांतरात काढायची?"

"कागदासाठी अर्धी बाग घालवलीस."

मी गप्प होतो, पण मनातून भावाच्या बाजूचा. कारण साधं आहे. तांबं हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, विरघळून नाहीसं होत नाही. पानावरून धुतलं की मातीत उतरतं आणि तिथेच साठतं. फार साठलं की गांडुळं कमी होतात. उलट काही कृत्रिम रेणू काही आठवड्यांत मोडून जातात. युरोपात २०१९ पासून तांब्यावर मर्यादा आहे: हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला चार. मर्यादा घालावी लागते याचाच अर्थ ते निरुपद्रवी नाही.

मला आजीचं सोवळं आठवलं. आजीची पळी, पंचपात्र, ताम्हन सगळं तांब्याचं. सोवळ्यात काय चालतं आणि काय नाही, याचा कुणाचं नुकसान होतं याच्याशी संबंध नसे. कशाचा स्पर्श झाला, एवढाच प्रश्न. त्या प्रश्नापायी आपल्या समाजाने माणसांनासुद्धा दूर ठेवलं, हे विसरून सोवळ्यावर बोलता येत नाही. सेंद्रिय शेती मला याच जातीची वाटली. रेणू प्रयोगशाळेतला की खाणीतला, एवढं बघायचं. मला वाटायचं, शहाण्या माणसाने सोवळं सोडावं आणि हिशेब करावा. कुणाला किती इजा झाली, मातीत किती उरलं, डिझेल किती जळलं. आणि हिशेबात जे कमी वाईट ठरेल ते करावं.

हे मी तिला धीर करून बोललो. तिने उठून एक जाड वही आणली. प्रत्येक फवारणीची तारीख, पाऊस किती, तांबं किती ग्रॅम, सगळं हाताने लिहिलेलं. म्हणाली, "हिशेब मीही करते. या वर्षीचा आकडा बघून मला लाज वाटते. पण तो आहे तोच लिहिलाय."

वही बघताना माझे कान तापले. त्याचं कारण तिला सांगितलं नाही. इथे सांगतो.

२०१० च्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले, भाव कोसळले. आमच्यावर सोसायटीचं कर्ज राहिलं. पुढच्या हंगामात काढणी तोंडावर असताना अवकाळी आला. अण्णांनी एक औषध मारलं, ज्याच्यानंतर ३० दिवस घड काढायचा नसतो. व्यापारी १८ व्या दिवशी दारात. निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंदवही लागते. माझं अक्षर चांगलं म्हणून ती माझ्याकडे. अण्णा म्हणाले, "तारीख बारा दिवस आधीची टाक. एवढ्या वेळचंच." मी टाकली. तपासणीत अंश मर्यादेत निघाले, कंटेनर गेला, पैसे आले, त्यातून माझी इंजिनिअरिंगची पहिली फी भरली.

आता हिशेब करा. इजा कुणाला झाली? कदाचित कुणालाच नाही. माझ्या शहाण्या हिशेबात बेरीज शून्य येते. आणि तरीही ती वही उघडायची म्हटली तर मला आज नको वाटतं.

तिथे मला माझ्या मताची खोट दिसली. हिशेब करणारा माणूस निवांत, कर्जमुक्त आणि प्रामाणिक आहे हे मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात हिशेब होतो तो पावसाच्या रात्री, हप्ता थकलेला असताना, आणि करणारा स्वतःच पक्षकार असतो. "फक्त एक फवारणी" आणि "एवढ्या वेळचंच" ही एकाच तोंडची वाक्यं आहेत. रेषा आखायची ती रेणू पापी असतो म्हणून नव्हे. त्या रात्री आपला स्वतःवर भरवसा नसतो, म्हणून. आणि बाटली घेणारा आपल्या बागेत येऊन बघू शकत नाही, म्हणूनही.

पण नुसती रेषा पाळून भागत नाही. रेषेच्या आत राहून तांबं ओतत राहिलं तर ते नुसतं सोवळं. तिच्याकडे रेषाही होती आणि तिच्या आत लाज वाटेल असा खरा आकडाही. आणखी एक गोष्ट तिच्याकडे होती: अर्धं पीक गेलं तरी पुढचं वर्ष बघता येईल एवढी ऐपत. अण्णांकडे ती नव्हती. म्हणून त्यांना मी तिच्या मापाने मोजणार नाही. मात्र ऐपत नव्हती म्हणून तारीख खरी होत नाही.

मागच्या महिन्यात अण्णांचा फोन आला. गोडी छाटणी झाली होती. एका व्यापाऱ्याने सेंद्रिय द्राक्षाला बरा भाव सांगितलाय, एक एकर करून बघू का, असं विचारत होते. आधी मी तीन वर्षं, तांबं, प्रमाणपत्र असं सगळं सांगितलं. मग विचारलं, "अण्णा, त्या वर्षीची नोंदवही कुठाय?"

कोणती, असं त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "माळ्यावर आहे. आलास की खरी तारीख बाजूला लिहून ठेव. उपयोग काही नाही त्याचा."

मी म्हटलं, मला ती आठवत नाही.

अण्णांना आठवत होती. त्यांनी तारीख सांगितली, वार सांगितला, आणि एक एकराचं पुन्हा विचारलं.