मंडपाखालचे तळे

कार्तिकी करून घरी आलो की पहाटे वसईच्या मिठागरांकडे फेरी मारायची, ही माझी जुनी सवय. थंडीबरोबर थापट्या, तलवार बदके उतरलेली असत. हळदीकुंकू बदक तर इथलेच. चोचीवर तांबडे-पिवळे ठिपके, म्हणून हे सवाष्णीचे नाव. माझ्या तरुणपणी बंदूकवाले येत, शिकारीला तेव्हा परवाने मिळत. परवाना सरकारचा, पण जीव कुणाचा, असे कीर्तनात विचारले की श्रोते माना डोलावीत. पुढे 1972चा वन्यजीव कायदा आला, 1991च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले. वाटले, पांडुरंगाने ऐकले.

कीर्तन सोडण्याआधीच्या शेवटच्या सप्ताहात याच विषयावर बोललो. नंतर एक आदिवासी पोरगा पाया पडला नि म्हणाला, “बुवा, मी फाशात बदक धरलं तर पाप. मग या मंडपाखाली आमचं तळं होतं, ते कुणी मारलं?”

मी निरुत्तर झालो. भराव पडताना मी पाहिला होता. त्या मैदानाचा नारळ माझ्याच हातून फुटला होता.

अमेरिकेत 1934पासून बदकाच्या शिकाऱ्याला दरसाल एक सरकारी तिकीट घ्यावे लागते. त्या पैशातून आजवर सुमारे 60 लाख एकर पाणथळ आणि भोवतालची जमीन राखली गेली. मौजेसाठी जीव घेणे मला पटत नाही, पटणारही नाही. पण तिथे मारणारा तळे राखतो आणि इथे गळ्यात माळ घालणारे आम्ही ते बुजवू देतो, हा हिशोब चित्रगुप्त कसा मांडत असेल? गोळीने एक बदक पडते, उरलेला थवा पुढल्या हिवाळ्यात येतो. पाणीच गेले तर त्याने उतरायचे कुठे? सरकारी जागा म्हणजे कुणाचीच नाही, असे आपण धरून चालतो. त्या पाखरांना हे कोण सांगणार!

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माउलींनी राहती घरे मोडून देव्हारे उभारणाऱ्यांचा, लोकांना नागवून अन्नछत्र घालणाऱ्यांचा समाचार घेतला आहे. त्या ओव्या मी आयुष्यभर सांगितल्या. बोट नेहमी दुसऱ्याकडे होते.

यंदा सप्ताहाची जागा ठरवायला मंडळी आली. म्हटले, शाळेच्या पटांगणात करा, दाटीवाटीने बसू. कुणी बोलेना. मोठी देणगी भराव घालणाऱ्याचीच आहे.