सेमिनारमधला पहिला प्रश्न

गणित विभागातला सेमिनार कसा झाला, हे वक्त्यावरून ठरवायची आपली रीत आहे. पाहुणा नामवंत आणि विषय नवा असला, की कार्यक्रम चांगला झाला असे आपण म्हणतो. मला ही मोजणीच चुकीची वाटते. तासापूर्वी ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट पीएच.डी. करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला बाहेर पडल्यावर दुसऱ्याला समजावून सांगता येते का, एवढेच पाहावे.

या कसोटीवर बहुतेक सेमिनार नापास होतील. विल्यम थर्स्टन हे विसाव्या शतकातले अव्वल दर्जाचे भूमितिज्ञ, फील्ड्स पदकाचे मानकरी. गणितातली सिद्धता आणि प्रगती यांवर 1994 साली लिहिलेल्या लेखात त्यांनी स्पष्टच म्हटले आहे, की सर्वसाधारण व्याख्यानात श्रोते बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच हरवतात आणि उरलेली पंचावन्न मिनिटे गप्प बसून राहतात. तेव्हा ही तक्रार कच्च्या विद्यार्थ्यांची नव्हे.

गप्प का बसतात? शुद्ध गणिताच्या शाखा इतक्या दूर गेल्या आहेत, की संख्याशास्त्रातले नव्हे, संख्यासिद्धान्तातले प्राध्यापकसुद्धा टोपॉलॉजीच्या व्याख्यानात दुसऱ्या व्याख्येशी अडखळतात. पण प्रत्येकाला वाटते, अडखळलो तो मी एकटाच. विद्यार्थ्याला अब्रूची धास्ती, प्राध्यापकाला पदाची. त्यात आपल्याकडे स्वागत, पुष्पगुच्छ, लांबलचक परिचय आणि आभार यांत बराच वेळ जातो. शेवटी ‘काही शंका?’ असे विचारले जाते तेव्हा चहा आलेला असतो.

आता समजा, वक्त्याने फळ्यावर लिहिले, ‘एक्स ही स्मूथ प्रोजेक्टिव्ह व्हरायटी घ्या’, आणि कुणी तरी हात वर केला : ‘सर, एक्सच्या जागी साधा घन वक्र घेतला, वाय वर्ग बरोबर एक्स घन वजा एक्स, तर तुमचे प्रमेय काय सांगते?’ वक्ता थांबतो, फळ्याचा कोपरा पुसतो, समीकरण लिहितो. या बाबतीत प्रमेय जुन्या, ओळखीच्या निष्कर्षावर येऊन ठेपते, हे तो दाखवतो. मग वक्राऐवजी पृष्ठ घेतले की नेमके कुठे बिनसते, तेही सांगतो. पाच मिनिटे गेली; पण आता सगळ्या वर्गाच्या हाताशी एक ठोस उदाहरण आहे आणि पुढची प्रत्येक ओळ त्यावर ताडून पाहता येते.

मॉस्को विद्यापीठात इस्राईल गेल्फंड यांनी 1943 मध्ये सुरू केलेला सोमवारचा सेमिनार कित्येक दशके चालला. गेल्फंड वक्त्याला मध्येच थांबवत आणि श्रोत्यांतल्या एखाद्याला उभे करून आतापर्यंत काय झाले ते सांगायला लावत. त्यात वक्त्यांचे अपमानही होत. त्यांचे समर्थन मी करणार नाही. मात्र श्रोत्याच्या तोंडून आल्याशिवाय एखादी गोष्ट सांगून झाली असे मानायचे नाही, हा त्यामागचा दंडक मला पूर्ण पटतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हाच दंडक सौम्यपणे पाळला. 1950 च्या दशकात के. चंद्रशेखरन यांनी कार्ल लुडविग झीगल, लोराँ श्वार्त्झ यांच्यासारख्यांना बोलावले. त्यांच्या व्याख्यानांची टिपणे तिथल्या गणितज्ञांनी लिहायची आणि संस्थेने ती छापायची, अशी व्यवस्था होती. न कळलेले लिहिता येत नाही; त्यामुळे वक्त्याला पुन्हा गाठून विचारणे आलेच. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री त्याच वातावरणात घडले. त्यांचे 1965 मधले प्रमेय आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. 1976 साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे करणारे श्रीराम अभ्यंकर यांचाही बीजगणितीय भूमितीत आग्रह असे तो बहुपदींचा, हाताने करून पाहता येईल अशा बीजगणिताचा.

प्रश्नांनी व्याख्यान अर्धवट राहते, हा आक्षेप खरा आहे. राहू द्यावे. प्रमेय आणि सिद्धता छापील शोधनिबंधात मिळतात. हे प्रमेय खरे असावे असे पहिल्यांदा का वाटले, कोणती वाट अडली, हे सहसा त्यात नसते. त्यासाठीच तर माणसाला बोलावायचे.

शिवाय प्रश्नांनी गणितही सावरते. 23 जून 1993 रोजी केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. सिद्धतेतली फट मात्र नंतर उघड झाली, हस्तलिखित तपासणारे निक कॅट्झ ईमेलवरून बारीकसारीक शंका विचारत गेले तेव्हा. ती बुजवायला सप्टेंबर 1994 उजाडला, तेही रिचर्ड टेलर यांच्या साथीने.

विभागप्रमुखांनी परिचय दोन मिनिटांत आटोपावा आणि पहिल्या दहा मिनिटांत एक उदाहरण पूर्ण करून दाखवण्याची अट वक्त्याला आधीच कळवावी. आणि ज्येष्ठ प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे : पुढच्या सेमिनारमध्ये एखादी व्याख्या कळली नाही, तर ती तिथेच, विद्यार्थ्यांदेखत, तुम्ही विचारा.