घराच्या हिशेबात

परदेशात कुणाच्या घरी राहायला गेलेल्या विद्यार्थ्याला त्या देशाची पहिली ओळख होते ती कचऱ्याच्या डब्यांपाशी. जर्मनीत तर हमखास. भाजीची सालं आणि चहाचा चोथा एका डब्यात, कागद-पुठ्ठा दुसऱ्यात, दह्याचा प्लास्टिकचा डबा आणि दुधाचा खोका पिवळ्यात, आणि ज्याचं पुढे काहीच होऊ शकत नाही ते उरलंसुरलं शेवटच्या डब्यात. काचेच्या रिकाम्या बरण्या चौकातल्या मोठ्या टाक्यांत नेऊन टाकायच्या, त्याही पांढरी, हिरवी, तपकिरी अशी काच वेगळी करून. निळी बाटली निघाली तर ती हिरव्या टाकीत. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, म्हणून ती फेकायची नाही, दुकानातल्या यंत्रात परत द्यायची.

एस्लिंगेनमधल्या माझ्या घरच्या बाईंनी हे सगळं पहिल्याच संध्याकाळी, एकेका डब्याचं झाकण उघडून, सावकाश समजावलं. मी प्रवासाने थकलेली होते, पुण्यात मॅक्सम्युलर भवनात शिकलेलं जर्मन त्यांच्या श्वाबियन बोलीपुढे अपुरं पडत होतं, आणि तरी त्या डब्यांपाशी उभं असताना मला बरं वाटलं. ते का, हे नंतर पुष्कळ दिवसांनी उमगलं. पाहुण्याला कुणी कचरा समजावून सांगत नाही. पाहुणा ताट टेबलावर सोडून उठतो, मागचं घरातली माणसं बघतात. डबे दाखवले जातात ते इथे राहणाऱ्याला.

एस्लिंगेन हे स्टुटगार्टजवळचं नेकार नदीकाठचं जुनं गाव. घरांच्या मागे चढावर पायऱ्यापायऱ्यांनी द्राक्षमळे आहेत. तिथून एस-१ ही लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आसपास फायहिंगनच्या विद्यापीठ स्थानकात उतरता येतं. माझी इंटर्नशिप तिथल्या एका प्रयोगशाळेत होती. धाग्यांनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या यंत्रात धरून ओढायच्या, तुटेपर्यंत ओढायच्या, आणि कुठल्या भाराला, कशी, कुठे तुटली ते नोंदवायचं. काम चांगलं होतं, शिकवणारे मनापासून शिकवत. पण प्रयोगशाळेतला दिवस कुठल्याही देशात बराचसा सारखाच असतो. संध्याकाळी पाच वाजले की यंत्रं बंद होत, माणसं आपापल्या घरी जात, आणि माझा खरा अभ्यास सुरू होई.

त्या घरातल्या जोडप्याला मी मनातल्या मनात काका-काकू म्हणायचे, प्रत्यक्षात नावाने हाक मारायचे, कारण त्यांनी तसंच सांगितलं होतं. त्यांची दोन्ही मुलं दुसऱ्या शहरांत नोकरीला होती. मला मिळालेली खोली धाकट्या मुलीची. फळीवर तिची शाळेची पुस्तकं अजून होती आणि दाराच्या चौकटीवर तिची उंची वर्षावर्षाने पेन्सिलीने मांडलेली होती. मी भाडं देत होते. हे मुद्दाम सांगते, कारण अशा आठवणी लिहिताना भाड्याची गोष्ट गाळायची पद्धत आहे आणि त्यामुळे सगळं फार गोड होऊन जातं. महिन्याच्या सुरुवातीला पैसे त्यांच्या खात्यात जात. फ्रिजमध्ये एक फळी माझी होती. त्यांची झोपायची खोली आणि काकांचं लिहायचं टेबल ही माझ्यासाठी बंद दारं होती, आणि तसंच असायला हवं होतं.

संध्याकाळचं जेवण सहाला. गरम काही नाही. पाव, लोणी, चीज, मुळ्याच्या चकत्या, काकडीचं आंबट लोणचं, आणि प्रत्येकासमोर जेवणाच्या ताटाऐवजी लाकडाची एक छोटी फळी. जर्मन पावांच्या परंपरेला २०१४ मध्ये त्या देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा मिळाली, यात मला काही नवल वाटलं नाही. काका पाव कापायचे तेव्हा बोलायचे नाहीत. पण दिवसभर थकून आल्यावर गरम घास नसणं मला सुरुवातीला सोसत नसे. वरणभाताच्या वासाने घराला घरपण येतं अशी माझी समजूत. जेवण आटोपलं की सात वाजत, पुण्यात साडेदहा, आणि आई झोपायच्या आधी फोन करायची हीच वेळ. ती रोज विचारायची, "जेवलीस का नीट?" आणि मी रोज "हो" म्हणायचे. हळूहळू ते खरंही होत गेलं, कारण त्या टेबलावर अन्न साधं असलं तरी तासभर कुणी उठत नसे. दिवस कसा गेला हे प्रत्येकाला विचारलं जाई आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकलं जाई. मी अडखळत वाक्य जुळवत असताना दोघंही घास हातात धरून थांबत. भाषा शिकवण्याचा याहून मोठा उपकार मला ठाऊक नाही.

आणि मग एका सोमवारी आमच्या फ्लॅटच्या दाराला ती पाटी लटकली.

श्वाबियन मुलखात घराघरांत एक पद्धत आहे, केरवोखं. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाकडे पाळीपाळीने एकेका आठवड्याची सफाई येते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना, मोठ्या पाळीत तळघर, अंगण, घरापुढची पायवाट, हिवाळ्यात बर्फसुद्धा. याचं मूळ फार मागे जातं. काउंट एबरहार्डच्या काळात, १४९२ मध्ये, स्टुटगार्टच्या नागरिकांना आपापल्या दारातली घाण दर आठवड्याला शहराबाहेर नेऊन टाकायचा हुकूम निघाला होता. स्टुटगार्ट नगरपालिकेने आपला सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण लोकांनी पद्धत सोडली नाही. भाडेकरारांत ती आजही लिहिलेली असते.

काकूंनी पाटी बघितली आणि म्हणाल्या, "या वेळी जिना तू घेशील का?"

क्षणभर मनात आलं, मी भाडं देते. दुसरंही काही आलं, ते लिहायला अवघड आहे पण खरं आहे. आमच्या पुण्याच्या इमारतीत जिना झाडायला एक मावशी येतात. मी त्या जिन्यावरून हजारो वेळा वर-खाली केलं असेल, पण तो कधी झाडला नव्हता. आपल्याकडे सामाईक जागेचा केर काढणं हे काम आणि ते करणारी माणसं यांच्याभोवती केवढा इतिहास साचला आहे, हे बादली हातात घेतल्याखेरीज कळत नाही. निदान मला तोवर कळलं नव्हतं.

मी हो म्हटलं. शनिवारी सकाळी वरच्या पायरीपासून खाली झाडत आले, मग पुसत आले. कठडा पुसला. खालच्या मजल्यावरची वृद्ध बाई, जी तोवर मला पाहून फक्त मान हलवायची, ती बाहेर आली, जिन्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बोलायला लागली. मी कुठली, काय शिकते, पुणे समुद्राकाठी आहे का, तिकडे पाऊस फार असतो असं ऐकलंय. वीसेक मिनिटं ती दारात उभी होती. त्यानंतर रोज संध्याकाळी ती माझं नाव घेऊन हाक मारायची.

त्या आठवड्यापासून घरात काहीतरी बदललं. फ्रिजमधली माझी फळी कधी सगळ्यांची झाली ते कुणी ठरवलं नाही. उशीर होणार असेल तर मी कळवू लागले, कारण कुणीतरी पाव झाकून ठेवणार होतं. काकू बाजाराची यादी लिहिताना स्वयंपाकघरातून ओरडून विचारायच्या, "दही संपलं का?" आणि मला ते माहीत असायचं. भाडं तेवढंच होतं, खोली तीच होती. पण मी आता घराच्या हिशेबात होते.

रविवारचं मात्र वेगळं. दुकानं बंद, कपडे धुण्याचं यंत्र बंद, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही, आणि काचेच्या टाकीत बाटली टाकायची नाही, कारण आवाज होतो. रविवार हा कामापासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने राखला जाईल, असं १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १३९ व्या कलमात होतं, आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं पुढे चालू ठेवलं. विसाव्यासाठी घटनेत जागा ठेवणाऱ्या समाजाबद्दल मला आदर वाटतो. पण घरापासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला रविवारची ती शांतता जड जाते. लांबची माणसं त्या शांततेत फार जवळ येतात. अशा दुपारी काका न बोलता बूट घालायचे आणि दाराशी थांबायचे. मग आम्ही तिघं द्राक्षमळ्यांच्या वाटेने चढत जायचो. माझं मन कुठे आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. थांबायचे मात्र नेमाने.

त्या मुलखात मसूर खातात, हे मला तिथे जाईतो माहीत नव्हतं. शिजवलेल्या मसुरात व्हिनेगर घालून ते श्पेत्स्ले नावाच्या मऊ, पिठाच्या शेवयांबरोबर वाढतात. सोबत सॉसेज असतं, ते काकू माझ्यासाठी वगळायच्या. मसूर जवळच्याच श्वाबियन आल्ब या डोंगराळ पठारावरचे. तिथली खडकाळ चुनखडीची जमीन मसुराला मानवते, पण विसाव्या शतकात शेतकऱ्यांनी हे पीक सोडलं आणि जुनं वाणच नाहीसं झालं. पुढे २००६ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या वाव्हिलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात सापडलं, आणि तिथून आलेल्या थोडक्या दाण्यांपासून पुन्हा शेतं उभी राहिली. काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. पुढच्या शनिवारी मी त्याच मसुरांची आमटी केली. गोडा मसाला आईने दिलेला, चिंचेऐवजी लिंबू. काकांनी पाव बुडवून खाल्ली, पुन्हा मागितली, आणि नंतर ती आमच्या शनिवारची रीतच झाली.

अशा वेळी मला आनंदीबाई जोशी आठवत. आपल्या शाळेच्या धड्यांत त्यांची जिद्द येते, पदवी येते, अकाली मृत्यू येतो. त्या जिच्या घरी उतरल्या त्या बाईचा उल्लेख फार तर एका ओळीत. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचा पत्नीच्या शिक्षणाबद्दलचा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला होता. तो कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी एका अनोळखी मराठी मुलीला पत्र लिहिलं. भेट होण्याआधी काही वर्षं दोघी फक्त पत्रांत होत्या. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कोलकात्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये अमेरिकेला पोचल्या, आणि अठरा वर्षांची ती मुलगी त्या घरात राहिली. मग फिलाडेल्फियाचं वैद्यकीय महाविद्यालय, मार्च १८८६ मध्ये पदवी, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात अखेर. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सीला, आपल्या कुटुंबाच्या दफनजागेत ठेवली. परक्या देशाच्या मुलीला घराच्या हिशेबात धरायचं म्हणजे कुठवर, याचं उत्तर त्या बाईने देऊन ठेवलं आहे. मराठी माणसांनी तिचं नाव आठवणीने घ्यावं, असं मला फार वाटतं.

आणि आपल्याकडे? पुण्यात आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून, नेपाळमधून कितीतरी विद्यार्थी शिकायला येतात. वर्षानुवर्षं राहतात, आणि पुष्कळांना एकाही मराठी घराचं स्वयंपाकघर आतून दिसत नाही. रंग, खाणं, धर्म विचारून खोली नाकारणारी माणसं आहेत, ते वेगळं आणि लाजिरवाणं. पण जी घरं दार उघडतात तिथेही आपण त्यांना चौरंगावरच बसवतो. उत्तम पाहुणचार करतो, पाण्याचा पेलाही उचलू देत नाही. त्यात माया असते, मी ती नाकारत नाही. पण चौरंगावर बसलेल्या माणसाला, दही संपलं का, हे कुणी विचारत नाही.

सध्या आमच्या घरी माझ्या जुन्या खोलीत टांझानियाची एक विद्यार्थिनी राहते आहे, पुण्यातल्या एका संस्थेत उमेदवारी करते. आई तिला सकाळी खोलीत चहा नेऊन देते. ताट ती उचलायला लागली की आई हातातून काढून घेते. मी बोलले तर म्हणते, "लोकांच्या लेकीला घासायला लावू का मी?" तिच्या या म्हणण्यात जे आहे ते मला खोडून काढता येत नाही. आजीच्या घरी सून म्हणून आलेल्या आईच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून फक्त कामच आलं होतं, हे मला ठाऊक आहे. काम लादणं आणि काम सोपवणं यांतली रेघ तिच्या आयुष्यात कुणी कधी आखलीच नव्हती. म्हणून मी घासण्याचा विषय सोडला आहे. एवढंच सुचवलंय, की रविवारची भाजी त्या मुलीला आणू दे, मंडईत जाऊन, तिच्या पसंतीची. आई म्हणाली, "तिला घासाघीस कशी जमेल?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पहिल्यांदा मी जाईन बरोबर."