निर्जन वाटेवरची पुढची गाडी

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब ऑस्ट्रेलियाहून सुटीवर आले होते. पतिपत्नी दोघेही वसईच्या मातीतले; परंतु गेली पंधरा वर्षे अ‍ॅडलेड शहरात स्थायिक झालेले. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. एका संध्याकाळी तो गृहस्थ एकटाच आमच्याकडे आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. निघताना तो उंबरठ्यावर थबकला आणि म्हणाला, ''फादर, अडचणीतला माणूस दिसत असताना आपण पुढे निघून गेलो, आणि नंतर त्याचे काहीच वाईट झाले नाही, तर ते पाप झाले की नाही?'' आम्ही त्याला पुन्हा बसवून घेतले. हे बोलणे पापनिवेदनातले नव्हते आणि नाव न घेता त्याविषयी लिहिण्यास त्याची संमती आहे. ही मोकळीक मिळाली म्हणूनच आम्ही हा प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घडले ते असे. तिकडे जुलै महिना म्हणजे हिवाळा. शाळांना सुटी लागली तेव्हा या कुटुंबाने मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडली आणि देशाच्या अंतर्भागाकडे प्रयाण केले. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे छोटे घर. त्यात खाटा असतात, शेगडी असते, शीतकपाट असते, पाण्याची टाकी असते. पोर्ट ऑगस्टा येथून स्टुअर्ट महामार्ग सुरू होतो आणि सुमारे 2700 किलोमीटर धावत उत्तरेच्या डार्विन शहरापर्यंत जातो. हा रस्ता संपूर्ण डांबरी झाला तो 1987 मध्ये. ग्लेंडॅम्बो ते कुबर पेडी या सुमारे 250 किलोमीटरांच्या टप्प्यात पेट्रोलचा एकही पंप नाही. कुबर पेडीला 1915 साली ओपल रत्ने सापडली. उन्हाळ्याच्या दाहापासून बचाव व्हावा म्हणून तिथले कित्येक लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. तिथले कॅथलिक चर्चही भूमिगत आहे. लाल दगडाच्या त्या गुहेत कुटुंबाने रविवारची मिस्सा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी महामार्ग सोडून पूर्वेकडे विल्यम क्रीकची कच्ची वाट धरली.

ही वाट सुमारे 165 किलोमीटरांची. विल्यम क्रीक हे जेमतेम काही माणसांचे गाव. आणि तिथे पोहोचेपर्यंत मध्ये वस्ती अशी नाहीच. क्षितिजापर्यंत तांबडी माती, खुरटी झुडपे, आणि वर अफाट आकाश. दुपारी साडेचारच्या सुमारास रस्त्याच्या कडेला एक जुनी मोटार उभी दिसली. तिचे बॉनेट उघडे होते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने हात वर केला. आमच्या या मित्राने वेग थोडा कमी केला, स्वतःही हात वर केला, आणि तो पुढे निघून गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या प्रदेशात समोरून गाडी आली की चालक एकमेकांना स्टिअरिंगवरचे बोट किंवा हात उचलून अभिवादन करतात. तशी तिथली रीतच आहे. ''त्या माणसाचा हातही अभिवादनाचाच आहे, असे मी स्वतःला सांगितले, फादर,'' तो म्हणाला. ''पण उघडे बॉनेट मला दिसले होते.''

सात-आठ मिनिटे गाडीत कोणी बोलले नाही. मग पत्नी म्हणाली, ''त्यांना निदान पाणी हवे का, एवढे तरी विचारायला हवे होते.'' त्यावर तो म्हणाला, ''मागून दुसरी गाडी येईलच.'' तेव्हा मागच्या बाकावरून मुलगी म्हणाली, ''पप्पा, त्यांच्यासाठी पुढची गाडी आपणच होतो ना?''

कॅरॅव्हॅन जोडलेली मोटार अरुंद वाटेवर सहजासहजी वळत नाही. रुंद जागा मिळेपर्यंत आणखी काही किलोमीटर गेले. परतून ते तिथे पोहोचले तेव्हा पाऊण तास उलटला होता. मोटार तशीच उभी होती, माणूस नव्हता. काचेवर वायपरखाली एक चिठ्ठी होती: दुसऱ्या प्रवाशांबरोबर विल्यम क्रीकला जात आहे, सर्व ठीक आहे. अंधार पडल्यावर हे कुटुंब विल्यम क्रीकला पोहोचले. तिथल्या हॉटेलात तो माणूस जेवत बसला होता. त्याने यांना ओळखले आणि हात वर केला. ''तो हात कसला होता, ते मला आजही कळलेले नाही,'' आमचा मित्र म्हणाला. ''जवळ जाऊन विचारायचे धैर्य मला झाले नाही.''

वाचकहो, घटना एवढीच. कोणी मेले नाही, कोणी लुबाडले गेले नाही, दोन्ही पक्ष त्या रात्री एकाच छपराखाली जेवले. तरीही हा मनुष्य अनेक महिने हे ओझे वागवीत आहे, आणि आमच्या मते ते ओझे खरे आहे. ते नेमके कशाचे, हे शोधायला हवे.

प्रथम त्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. त्याचे भय काल्पनिक नव्हते. 2001 च्या जुलै महिन्यात याच स्टुअर्ट महामार्गावर बॅरो क्रीकजवळ एका ब्रिटिश प्रवाशाची हत्या झाली. मागून आलेल्या चालकाने 'तुमच्या गाडीत काही बिघाड आहे' अशी खूण केली, म्हणून तो भला माणूस थांबला होता. त्याचा मृतदेह अद्यापही सापडलेला नाही. शिवाय सूर्यास्त जवळ आला होता, आणि त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात. गाडीत दोन मुले होती. बापाचे पहिले कर्तव्य मुलांप्रती नाही काय?

हा प्रश्न फार जुना आहे आणि तो वाळवंटातच जन्मला, हा काही योगायोग नव्हे. यहुदी धर्मपंडितांच्या ताल्मूद ग्रंथात एक विवाद नोंदलेला आहे. दोघे जण वाळवंटातून चालले आहेत. एकाच्या हाती पाण्याचे एकच पात्र आहे. दोघे प्याले तर दोघेही मरतील. एकटा प्याला तर तो वस्तीपर्यंत पोहोचेल. बेन पेतुरा म्हणतो, दोघांनी वाटून प्यावे. सोबत्याचा मृत्यू पाहत जगण्यापेक्षा दोघांनी मरावे. परंतु रब्बी अकिबा याचा निर्णय निराळा आहे. तुझा भाऊ 'तुझ्यासोबत' जगावा असे शास्त्र सांगते. सोबत जगण्यासाठी आधी तुला जगावे लागेल. म्हणून ज्याच्या हाती पाणी आहे त्याचा जीव आधी. अकिबाचे मत कठोर वाटते. पण त्यात माणसाच्या मर्यादेची कदर आहे. संत थॉमस अक्विनास यांनीही प्रीतीला एक क्रम असतो असे मानले. जे आपल्याला जवळचे, त्यांचा आपल्यावर अधिक हक्क. आपल्या मुलांच्या तोंडचा जीवनावश्यक घास काढून परक्याला देणे हे सामान्यतः कर्तव्य ठरत नाही.

तथापि अक्विनास इथेच थांबत नाहीत. ते पुढे म्हणतात की क्रम केवळ नात्याच्या जवळिकीवर ठरत नाही, गरजेच्या तीव्रतेवरही ठरतो. परका मनुष्य टोकाच्या गरजेत असेल आणि आपल्या पित्याची गरज तितकी निकडीची नसेल, तर परक्याला आधी साहाय्य करावे. नाते आणि निकड असे दोन काटे या तराजूला आहेत, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय वजन होत नाही.

आता आम्ही त्या मित्राला एक साधा प्रश्न विचारला. तुझ्याजवळ पाणी किती होते? तो उत्तरला, कॅरॅव्हॅनच्या टाकीत 80 लिटर, शिवाय 20 लिटरचे दोन कॅन. म्हणजे ताल्मूदमधील ते एकमेव पात्र त्याच्या हाती नव्हतेच! अकिबाचा निर्णय ज्या प्रसंगासाठी आहे, तो प्रसंग त्याच्यावर आलाच नव्हता. आमच्या मते आपणां सर्वांची चूक इथेच होते. आणीबाणीच्या प्रसंगी जी सबब न्याय्य ठरते, ती आपण साध्या दिवसासाठी उसनी घेतो. 'मुलांचे आधी पाहायला हवे' हे वाक्य खरे असते. पण ज्या क्षणी आपण ते उच्चारतो, त्या क्षणी मुलांचे काही जात असतेच असे नाही.

भयाचेही तसेच. भय असले तर सावधगिरी बाळगावी, हे बरोबर. परंतु गाडीतून उतरून अनोळखी माणसाला आत घेणे आणि हात हलवून निघून जाणे, या दोहोंच्या मध्ये कितीतरी पायऱ्या आहेत. काच दोन बोटे खाली करून विचारता आले असते. थोडे पुढे जाऊन रस्त्याकडेला पाण्याचा कॅन ठेवता आला असता. गाडीतील रेडिओवरून इतर वाहनांना कळवता आले असते. विल्यम क्रीकला पोहोचताच निरोप देता आला असता. विवेक म्हणजे शूरपणा करावा की पळ काढावा यांतून एकाची निवड करणे नव्हे. आपल्याला झेपेल अशी मधली पायरी शोधणे हेच विवेकाचे काम आहे. भयाने त्याला थांबू दिले नाही, हे क्षम्य आहे. भयाने त्याला विचारच करू दिला नाही, इथे प्रश्न उभा राहतो.

आणि मग 'मागून दुसरी गाडी येईलच' हे वाक्य. शहरात ते बहुधा खरे ठरते, म्हणून आपल्या जिभेवर रुळले आहे. वाळवंट मात्र त्याची परीक्षा घेते. 1963 च्या डिसेंबरात बर्डस्विल मार्गावर पाच जणांच्या एका कुटुंबाचे पेट्रोल संपले. भर उन्हाळा होता. ते गाडी सोडून चालू लागले आणि आईवडील व मुले, सर्व जण तहानेने मेले. बिघडलेली गाडी सोडू नये, ती माणसापेक्षा लवकर दिसते, हा नियम त्या देशात आजही पहिल्याप्रथम सांगितला जातो. परंतु या नियमाला अर्थ कधी येतो? येणारा थांबेल, असा भरवसा असेल तेव्हाच! वाट पाहणाऱ्याचा संयम आणि येणाऱ्याचे थांबणे ही एकाच नियमाची दोन अंगे आहेत. नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताच्या दंडसंहितेत तर, जिवावर बेतलेल्या माणसाला साहाय्य करणे शक्य असूनही निर्दयपणे ते नाकारणे हा गुन्हा आहे. त्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जिथे माणसे विरळ, तिथे प्रत्येक माणसावरची जबाबदारी दाट होते. जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने 1928 साली क्लॉनकरी येथून विमानाने डॉक्टर पाठविण्याची सेवा सुरू केली, तिच्यामागेही हीच जाणीव होती.

तरीही कोणी विचारील, परिणाम चांगला झाला ना? त्या भूमीच्याच इतिहासातील एक प्रसंग इथे आठवतो. 1860 साली बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून उत्तर किनाऱ्याकडे निघाली. कराचीहून आणलेले उंट तिच्यासोबत होते. परतीच्या वाटेवर ग्रे नावाचा सोबती वारला. उरलेल्या तिघांनी, अंगात त्राण नसताना, त्याला पुरण्यासाठी एक दिवस खर्ची घातला. 21 एप्रिल 1861 च्या संध्याकाळी ते कूपर क्रीकच्या तळावर पोहोचले, तर चार महिने वाट पाहणारी तुकडी त्याच सकाळी निघून गेली होती. तो एक दिवस वाचला असता, तर कदाचित ते वाचले असते. म्हणून ग्रेला मूठमाती देणे चूक होते काय? आम्हांला तसे म्हणवत नाही. त्यांना उद्याची तारीख ठाऊक नव्हती. समोर पडलेला सोबती ठाऊक होता. पुढे बर्क आणि विल्स मरण पावले. तिसरा, किंग, याला यांड्रुवांधा या आदिवासींनी आपल्यात ठेवून घेतले, जेवू घातले, आणि सप्टेंबरात शोधपथक येईपर्यंत जगविले. याच लोकांना बर्कने पूर्वी बंदुकीचा बार काढून हुसकावले होते. त्यांनी ते मनात धरले नाही.

कृत्याचे मोल परिणामावर ठरत नाही, हे दोन्ही बाजूंनी खरे आहे. सत्कृत्याचा शेवट वाईट झाला म्हणून ते दुष्कृत्य होत नाही. आणि टाळलेल्या कर्तव्याचा शेवट गोड झाला म्हणून ते पाळलेले ठरत नाही. त्या माणसाला दुसऱ्याने नेले, हे दुसऱ्याचे पुण्य. ते आपल्या खाती जमा करता येत नाही.

इथवर आम्ही न्यायाधीशाच्या आसनावरून बोललो. आता खाली उतरले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आम्ही एका रात्री प्रवास करीत असताना, कडेला आडवी पडलेली मोटारसायकल आणि तिच्याभोवती चार माणसे दिसली होती. आम्हांला पहाटेची मिस्सा होती. 'माणसे आहेत तिथे' असे म्हणून आम्ही चालकाला पुढे जाण्यास सांगितले. साहाय्य करणाऱ्यास पोलिसी व न्यायालयीन त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली होती, आणि 2019 साली मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. म्हणजे कायद्याची सबबही आम्हांला नव्हती. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात जखमी वाटसरूला पाहून प्रथम पुढे जाणारा याजक होता, ही गोष्ट आम्ही अनेक वर्षे प्रवचनातून सांगत आलो आहोत.

म्हणून त्या मित्राला आम्ही जे सांगितले ते येथे नोंदवितो. तू थांबला नाहीस, ही चूक. बॉनेट दिसूनही 'तो अभिवादनच करीत आहे' असे स्वतःस पटविलेस, ही त्याहून मोठी चूक. कारण पहिलीत भय होते, दुसरीत असत्य. परंतु तू वळलास. मुलीचे बोलणे ऐकून, अरुंद वाटेवर, अवघड गाडी घेऊन वळलास, हेही तितकेच खरे. पाऊण तास उशिरा पोहोचलेला माणूस न पोहोचलेल्या माणसासारखा नसतो. आम्ही त्या रात्री वळलो नव्हतो.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की, परत गेल्यावर त्याच वाटेने पुन्हा जायचे आहे. मुलीने तसा हट्ट धरला आहे. या खेपेस पाण्याचा एक कॅन मागे न ठेवता पुढे, हाताशी ठेवणार आहे.