पेला कोण भरतो?

फौजी सुट्टीवर गावी आला की त्याला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, 'कधी आलास?' आणि दुसरा, थोड्या हळू आवाजात, 'कोटा आणलास का?' साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे, नगरकडे ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. मिलिटरीची बाटली म्हणजे स्वस्त, अस्सल आणि वर थोडी मानाची. फौज आणि दारू ही जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही नैतिक प्रश्न असेल असं वाटतच नाही.

मला तो प्रश्न पडतो. एखादी संस्था माणसाला दारू पुरवते, पिण्याला मान देते, सगळ्यांनी मिळून पेला उचलण्याला बंधुभाव म्हणते. मग वीस वर्षांनी त्यातल्या एकाचा हात सकाळी थरथरायला लागला, तर ती थरथर कुणाची? त्याची, की पेला भरणाऱ्याची?

याचं सगळ्यात नीट नोंदलेलं उदाहरण ब्रिटिश नौदलाचं आहे. तिथे खलाशांना रोज रम मिळायची, पगारासारखी, हक्काने. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन यांनी हुकूम काढला की रम पाणी घालून द्यायची, कारण नुसती रम पिऊन लोक कामाच्या लायकीचे राहत नव्हते. त्यांच्या जाड्याभरड्या कापडाच्या कोटावरून त्यांना 'ओल्ड ग्रॉग' म्हणत, म्हणून त्या मिश्रणाचं नाव ग्रॉग पडलं. एकोणिसाव्या शतकात माप कमी होत होत एक-अष्टमांश पाइंटवर, म्हणजे साधारण ७१ मिलीवर आलं. शेवटचं माप वाटलं गेलं ३१ जुलै १९७० ला. काही जहाजांवर खलाशांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या.

बंद करण्याचं कारण मी इंजिनिअर म्हणून दोनदा वाचलं. जहाजावरची यंत्रं आता गुंतागुंतीची आणि नाजूक झाली आहेत, ती नीट चालण्यावर लोकांचे जीव अवलंबून आहेत, त्यामुळे रोजची रम आता परवडणारी नाही, असं नौदलाचं म्हणणं होतं. मुद्दा बरोबरच आहे. पण जोवर माणूस दोर ओढत होता तोवर त्याची रोजची झिंग चालत होती, आणि तो रडारसमोर बसला तेव्हा ती अडचण झाली. शरीर तेच होतं, यकृतही तेच होतं. बदललं ते फक्त त्याच्या हाताखालचं यंत्र.

कुणी म्हणेल, पिण्याची सक्ती तर नव्हती! खरं आहे. वहीत प्रत्येक खलाशाच्या नावापुढे एक खूण असे. रम घेणारा 'जी', न घेणारा 'टी', आणि वीस वर्षांखालचा असेल तर 'यूए'. न घेणाऱ्याला दिवसाला तीन पेन्स मिळत. म्हणजे कागदावर निवड होती. पण जहाजावर रम हे चलन होतं. कुणी तुमची ड्युटी केली, कुणी मदत केली, कुणाचा वाढदिवस असला, तर त्याला आपल्या पेल्यातला एक घोट द्यायचा. मोठा उपकार असेल तर मोठा घोट. वेगवेगळ्या मापाच्या घोटांना वेगवेगळी नावं होती. अशा ठिकाणी जो 'टी' लिहून घेतो तो फक्त दारू नाकारत नाही. देण्याघेण्याच्या, आभार मानण्याच्या, माफी मागण्याच्या सगळ्या व्यवहारातून तो बाहेर पडतो. तीन पेन्समध्ये याची भरपाई होत नाही.

आपल्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना याची सौम्य आवृत्ती माहीत असेल. टीम आउटिंगला गेल्यावर कुणी जबरदस्ती करत नाही. फक्त पुढच्या सहा महिन्यांचे सगळे विनोद त्या रात्रीवरचे असतात, आणि लिंबू सोडा घेऊन नऊ वाजता झोपायला गेलेल्याला ते समजत नाहीत.

सैन्यं दारू का देतात? भीती दाबायला, थंडी घालवायला आणि माणसं एकत्र बांधायला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने १ सप्टेंबर १९४१ पासून आघाडीवरच्या सैनिकाला रोज १०० ग्रॅम व्होडका मंजूर केली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश खंदकांमध्ये मातीच्या बरण्यांतून रम पोचायची. यातलं थंडीचं कारण तर शास्त्राच्या उलट आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण शरीराच्या आतली उष्णता बाहेर जाते. म्हणजे ती थंडी घालवत नाही, थंडीची जाणीव घालवते. मला वाटतं, भीतीचंही असंच होतं. भीती तिथेच राहते, तिची वर्दी येणं बंद होतं. जी गोष्ट बोलायची, रडायची, कुणापुढे तरी मांडायची, ती पेल्यात बुडवली जाते आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा कामावर हजर. संस्थेच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. वीस वर्षांनंतरचा हिशेब तिच्या वहीत नसतो.

आपल्याकडे ही परंपरा इंग्रजांबरोबर आली. १८५५ मध्ये एडवर्ड डायर याने कसौलीला दारूचा कारखाना काढला. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. त्याच धंद्यातून पुढे मोहन मीकिन कंपनी आली आणि १९५४ मध्ये तिने ओल्ड मंक बाजारात आणली. गोरे गेले, मेस राहिली. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट १९४८ मध्ये सुरू झालं, त्याचं मुख्यालय मुंबईत आहे. साबण-तेलाबरोबर तिथून दारूही मिळते, हुद्द्यानुसार ठरलेल्या मापात.

त्याच मुंबईत १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो हे ज्याच्यामुळे, तोच हा कायदा. त्याला बालसरा नावाच्या नागरिकाने आव्हान दिलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कायद्यात सैन्याच्या मेस आणि कॅन्टीनला सूट होती. सामान्य माणसाला बंदी आणि सैनिकाला मोकळीक, हे समानतेत कसं बसतं? १९५१ च्या निकालात कोर्टाने ही सूट योग्य ठरवली. सेनादलांच्या स्वतःच्या परंपरा आहेत, त्यांची जीवनपद्धती वेगळी आहे, त्यांचं मनोधैर्य टिकवायचं आहे, असा त्यामागचा विचार होता.

कोर्टाचा तर्क कायद्याच्या चौकटीत ठीक असेल. पण जरा उलटा करून पाहा. दारू ही समाजाच्या आरोग्याला घातक म्हणून बंद करायची, आणि ज्यांच्याकडून सगळ्यात मोठा त्याग मागायचा त्यांना ती सवलत म्हणून द्यायची. हा सन्मान आहे, की 'तुमच्या आयुष्याचं गणित आमच्यापेक्षा वेगळं आहे' असं हळूच सांगणं आहे?

दुसरीकडे, १९५० च्या आर्मी ॲक्टचं ४८ वं कलम सांगतं की ड्युटीवर असो वा नसो, नशेत सापडलेला सैनिक शिक्षेला पात्र आहे. म्हणजे पी, पण चढू देऊ नकोस. मेसच्या संस्कृतीची बाजू घेणारे म्हणतात की हीच तर शिस्त आहे. इथे माणूस मोजून प्यायला शिकतो, वरिष्ठांसमोर तोल सांभाळायला शिकतो. यात तथ्य आहे. अनेकजण आयुष्यभर दोन पेगांवर थांबतात. पण थांबता येणं ही काही सगळ्यांना सारखी मिळालेली देणगी नाही. कुणाच्या घरात व्यसनाचा इतिहास असतो, कुणी काहीतरी पाहून आलेला असतो. नियम सगळ्यांना एकच आणि धोका प्रत्येकाला वेगळा, ही गोष्ट शिस्तीच्या भाषेत बसत नाही.

ॲरिस्टॉटलने नशेतल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा उल्लेख केला आहे. कारण असं की न पिणं त्या माणसाच्या हातात होतं. आपल्या फौजदारी कायद्यातही नशेची सबब तेव्हाच चालते जेव्हा ती नशा माणसाला नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध दिलेली असते. हे दोन्ही विचार 'इच्छा' नावाची एक स्वच्छ, एकटी गोष्ट धरून चालतात. एकोणीस वर्षांचा मुलगा, घरापासून दोन हजार किलोमीटरवर, भोवतीच्या सगळ्यांच्या हातात पेले. त्याने हात पुढे केला तर तो इच्छेविरुद्ध नाही. पण ती इच्छा एकट्या त्याचीच आहे असंही म्हणता येत नाही.

परिस्थितीचा हा वाटा किती मोठा असतो हे व्हिएतनाम युद्धानंतर दिसलं. तिथे बऱ्याच अमेरिकन सैनिकांना हेरॉइनची सवय लागली होती. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला, तर व्यसनी झालेल्यांपैकी बहुतेकांचं व्यसन घरी आल्यावर सुटलेलं आढळलं. जागा बदलली आणि सवयही बदलली. दारूचं दुखणं असं की ती सैनिकाबरोबर घरी येते. कार्डावर कोटा सुरू असतो आणि गावात पेला पुढे करणारे तयार असतात.

माझ्या नात्यात एक निवृत्त सुभेदार आहेत. संध्याकाळी सहानंतर त्यांच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं नाही हा घरातला अलिखित नियम आहे. कुणी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं, 'फौजीच ते, चालायचंच.' त्यांना झोप का लागत नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. 'फौजी' हा शब्द तिथे आदर म्हणून येतो आणि काळजी करण्यातून सगळ्यांची सुटका करतो.

आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडला की चांगल्या टीममध्ये आधी 'कुणी केलं?' असं विचारत नाहीत. 'हे होणं इतकं सोपं कसं काय होतं?' असं विचारतात. यावर लगेच आक्षेप येतो की अशाने माणसाची जबाबदारीच संपते. मला तसं वाटत नाही. जबाबदारी ही काही पोळी नाही, की दोघांत वाटली की प्रत्येकाला अर्धी आली. पिणाऱ्याने बायकोवर हात उचलला तर तो दोष पूर्ण त्याचा. आणि त्या हातात वर्षानुवर्षं पेला देणाऱ्या व्यवस्थेचा दोषही पूर्ण. एकाने दुसरा कमी होत नाही.

याच फौजेतून याच्या अगदी उलट टोकही आलं. सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारेंनी राळेगणसिद्धीतल्या भट्ट्या बंद केल्या, आणि सुरुवातीच्या काळात पिणाऱ्यांना खांबाला बांधून फौजी पट्ट्याचे फटकेही बसले. गाव सुधारलं. पण कोटा आणि पट्टा यांत एक साम्य आहे. दोन्हीकडे पिणाऱ्याचं म्हणणं कुणी विचारत नाही. तिसरी वाट महाराष्ट्राच्याच कायद्यात आहे, 'उभी बाटली, आडवी बाटली'. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. ज्यांना परिणाम भोगावे लागतात त्यांनाच निर्णयात जागा, हे त्यातलं मोल. सैनिकाच्या कोट्याबद्दल त्याच्या बायकोला असं कधी विचारलं गेलंय?

एसी ऑफिसात बसून सियाचीनवरच्या माणसाला उपदेश करणारा तू कोण, असं कुणी विचारेल. रास्त आहे. म्हणूनच माझं सांगणं सैनिकाला नाही. त्याने पिऊ नये असंही मला म्हणायचं नाही. माझं सांगणं आपल्याला आहे, कारण पेला भरणाऱ्यांत आपणही आहोत. त्याच्या पराक्रमाचे स्टेटस आपण ठेवतो, त्याच्याकडून स्वस्त बाटली घेतो आणि त्याच्या नशेवर विनोद करतो. तो सुट्टीवर येतो ते थोडे दिवस बाकीच्या वर्षापेक्षा वेगळे असू शकतात, जर आपण त्याला घरी जेवायला बोलावलं, दुपारी, चहाच्या वेळेला, शेताच्या बांधावर बसून बोलतं केलं, आणि तो बोलायला लागल्यावर ग्लास पुढे न सरकवता ऐकत बसलो. कोट्याची विचारपूस त्या सुट्टीत राहून गेली तरी चालेल.