मामाच्या बोटीतल्या त्या दोन बॅटऱ्या

इकडे ये. मान खाली घालून उभा राहू नकोस, ती वही उघड. बेरीज कुठे आहे? नाहीच ना! आधी बॅटरी आणलीस आणि मग दिवे मोजायला बसलास. सर्चलाइट ६० वॅटचा, तीन तास, म्हणजे १८०. एलईडी मिळून ३६ वॅट, सहा तास, म्हणजे २१६. दोन्हींचे ३९६ वॅट-तास. भागिले १२, तेहतीस अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून त्याची दुप्पट. वर थोडी शिल्लक धर. म्हणजे १००ची एक चांगली ट्युब्युलर पुरली असती. सातवीतलं पोरगंही हे गणित सोडवेल.

आणि तू काय केलंस? पिंपळनेरात ट्रॅक्टरची जुनी बॅटरी उचललीस, शेजारी नवी कोरी इन्व्हर्टरची ठेवलीस आणि दोन्ही पॅरलल! जुनी नवीला रात्रंदिवस ओढत राहणार, एवढंही कळलं नाही? ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. दोन-चार सेकंद स्टार्टर फिरवायचा, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर दिवे लावलेस तर सहा महिन्यांत बसेल. इंजिनाची बॅटरी वेगळी, दिव्यांची वेगळी. ट्रॅक्टर बंद पडला तर चौघं धक्का मारतात. मणिबेलीच्या बाजूला, सरदार सरोवराच्या फुगवट्यात, अंधारात धक्का कोण मारणार रे भो? तिकडच्या पाड्यांवर दवाखानासुद्धा बोटीतूनच जातो. तुझ्या मामाच्या बोटीत उद्या बाळंतीण असेल.

आता ही वायर बघ. एक स्क्वेअर एमएम, घरातल्या बल्बची. बॅटरीपासून सर्चलाइट आठ मीटरवर, येऊन-जाऊन सोळा. पाच अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच गेला. घरच्या २३०मध्ये तो कुणाला जाणवत नाही. इथे बारातून गेला की दिवा मिणमिणतो आणि तू दुकानदाराला शिव्या घालतोस. चार स्क्वेअर एमएम टाक, तांब्याची, कल्हईवाली मिळाली तर उत्तम. हा लग तर पकडीने नुसता चेपलाय. ओढला की हातात आला, बघ!

फ्यूज कुठाय? स्विचपाशी? शिवाजीनगरचा सौर प्रकल्प बघायला नेलं होतं, फ्यूजचे डबे उघडून दाखवले होते. तेव्हा सेल्फी काढत होतास. प्लसच्या टोकापासून वीतभरात फ्यूज हवा. त्याच्या अलीकडे वायर कुठे घासली तर विझवणारं कुणी नाही, आणि खाली डिझेल.

वर झाकणही घट्ट बसवलंस. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो वर चढतो. त्याला जायला वाट ठेव. बॅटरी पट्ट्याने आवळ, लाटेत कलंडली की ॲसिड तळाला.

लिथियमचं नंतर बोलू. साधी जमेना, महागडी कशाला जाळतोस?

मजुरी घेतलीस ना मामाकडून? त्यातूनच वायर आण. सोमवारी सगळं सुटं करून माझ्यासमोर जोड, आणि मीटर आणायला विसरू नकोस.